बार्शी, परळ आणि शहापूर-मुरबाडची वाट

गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर महाराष्ट्रात ज्या मोठ्या वैद्यकीय चाचण्या झाल्या, त्यांतल्या काहींची मुळे बार्शीच्या आसपासच्या खेड्यांत आहेत. १९८७ साली बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील ३४६ गावांसाठी देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. मुंबईत अशी नोंदणी १९६३ पासून होती, पण ती रुग्णालयांच्या कागदांवर चाले. बार्शीकडच्या खेड्यांत बाई रुग्णालयापर्यंत पोचतच नसे, मग नोंद कशाची करणार? म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरले. अंगावरून पांढरे जाणे, पाळी गेल्यावर पुन्हा लाल जाणे या तक्रारींबद्दल बोलले आणि संशयित स्त्रियांना बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात तपासणीला आणले. काही वर्षांतच लवकरच्या टप्प्यात सापडणाऱ्या रुग्णांचे प्रमाण वाढले. नुसत्या बोलण्याने एवढे घडले होते.

यातून गावांत जमलेला विश्वास पुढच्या मोठ्या चाचणीचा पाया ठरला. टाटा मेमोरियल सेंटर, बार्शीचे रुग्णालय आणि फ्रान्समधील लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ऑक्टोबर १९९९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात (आताचा धाराशिव) काम सुरू केले. गावांचे ५२ समूह पाडून त्यांचे चार गट केले. एका गटातील स्त्रियांची या कर्करोगाला कारणीभूत असलेल्या एचपीव्ही विषाणूसाठी चाचणी झाली, दुसऱ्या गटात पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखातील पेशींची तपासणी, तिसऱ्यात गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरचाच अंश, लावून डोळ्यांनी तपासणी. चौथ्या, म्हणजे नियंत्रण गटात नेहमीचीच आरोग्यसेवा होती. ३० ते ५९ वयाच्या एकूण १,३१,७४६ निरोगी स्त्रिया यात होत्या.

निष्कर्ष एप्रिल २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आले. आठ वर्षांत नियंत्रण गटात या कर्करोगाने ६४ मृत्यू झाले, एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळपास निम्मे झाले होते. पॅप स्मिअर आणि ॲसिटिक आम्लाच्या गटांत एवढा फरक दिसला नाही.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून चालवलेल्या चाचणीत मात्र तेच ॲसिटिक आम्ल उपयोगी पडले. दहावीपर्यंत शिकलेल्या मुलींना चार आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन त्यांच्याकरवी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत तपासणी झाली. चाचणीतल्या १,५१,५३८ स्त्रियांपैकी तपासणी झालेल्या गटात मृत्युदर ३१ टक्क्यांनी घटला. एकदाच पाहणे आणि पुन्हापुन्हा पाहणे यांतला फरक या दोन चाचण्या शेजारी ठेवल्या की कळतो.

या यशाला एक जड बाजू आहे. मुंबई, उस्मानाबाद आणि तमिळनाडूतील दिंडिगल अशा तिन्ही चाचण्यांच्या नियंत्रण गटांत मिळून सुमारे १ लाख ३८ हजार स्त्रियांची तपासणी झाली नाही. त्यांतल्या किमान २५४ जणी याच कर्करोगाने गेल्या. पॅप स्मिअरचा उपयोग तेव्हा जगाला ठाऊक होता, मग या स्त्रियांना तपासणीविना का ठेवले, हा आक्षेप वैद्यकीय नीतीच्या नियतकालिकांत गाजला. त्या भागात तपासणी मुळातच उपलब्ध नव्हती, त्यामुळे कोणाचे काही काढून घेतले नाही, असे संशोधकांचे उत्तर होते. उत्तर खोटे नाही, पण पुरेसेही नाही. आज जे शहाणपण सरकारी कार्यक्रमात आले आहे, त्यात त्या २५४ जणींचा वाटा आहे आणि तो मोजताना त्यांना विसरणे अन्यायाचे होईल.

रुग्णालयातल्या चाचण्यांची कथा वेगळी. मुंबईतल्या परळचे टाटा रुग्णालय १९४१ चे. तिथे २००३ ते २०११ या काळात तिसऱ्या टप्प्यातल्या (३ बी) ८५० रुग्ण स्त्रियांवर चाचणी झाली. किरणोपचारासोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचे औषध दिल्यावर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ४६ वरून ५४ टक्क्यांवर गेले. आपल्याकडे बायका बहुधा उशिराच्या टप्प्यात येतात, म्हणून या आकड्याचे मोल मोठे. दुसऱ्या एका चाचणीत ६३५ रुग्णांमध्ये आधी केमोथेरपी देऊन मग शस्त्रक्रिया करण्यापेक्षा केमोसह किरणोपचार रोग परतू न देण्यात सरस ठरला.

एचपीव्हीविरोधी लसीच्या चाचणीत योगायोगानेच मोठे उत्तर हाती आले. दोन डोस पुरतात की तीन लागतात, हे पाहण्यासाठी २००९ मध्ये बार्शी, पुणे आणि देशातील इतर केंद्रांवर मुलींना लस देणे सुरू झाले. आंध्र प्रदेश आणि गुजरातमधील एका वेगळ्या लसीकरण प्रकल्पावरून वाद पेटल्याने एप्रिल २०१० मध्ये सरकारने सगळेच थांबवले. त्यामुळे हजारो मुलींना एकच डोस मिळाला. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही. सुमारे दहा वर्षांनी एका डोसानेही जवळपास तेवढेच संरक्षण मिळते असे दिसले आणि डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसाचा पर्याय मान्य केला.

आता ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाडकडून हा इतिहास पाहावा. बार्शीत चाचणी बाईच्या दारी आली. इथल्या बाईला परळला जावे लागते. शहापूरकरांना आसनगाव किंवा कसाऱ्याहून लोकल आहे. कसारा ते मुंबई सीएसएमटी हे अंतर १२१ किलोमीटर. मुरबाडला रेल्वेच नाही, एसटीने कल्याण गाठायचे आणि मग गाडी. चाचणीत नाव घालणे म्हणजे पुढची काही वर्षे ठरल्या तारखेला हजर राहणे. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाऊन पावसाच्या तोंडी परतणाऱ्या कातकरी कुटुंबातल्या बाईला हे किती अवघड आहे, ते सांगायला नको.

चाचण्यांची माहिती गुप्त नसते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) सार्वजनिक नोंदवही जुलै २००७ पासून आहे आणि जून २००९ पासून नोंद सक्तीची झाली. पण ती इंग्रजीत असते, म्हणून ओपीडीतल्या डॉक्टरला विचारणे हाच इथला खरा मार्ग. वैद्यकीय चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे माहिती बाईला समजेल अशा भाषेत द्यावी लागते. वाचता येत नसेल, तर तटस्थ साक्षीदारासमोरच अंगठा घ्यावा लागतो. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई मिळते. नकार दिला किंवा मध्येच बाहेर पडले, तरी नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.

उपचारांच्या बहुतेक चाचण्यांत आधी उपचार न झालेलीच रुग्ण घेतात. अंगावरून जाते म्हणून तपासणी न करताच गर्भाशयाची पिशवी काढली आणि नंतर कर्करोग निघाला, तर चाचणीचे दार बहुधा बंद होते आणि पुढचे उपचारही अवघड होतात. म्हणून शहापूर-मुरबाडच्या प्रत्येक घरी एवढे माहीत असावे: पिशवी काढायला होकार देण्याआधी गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी, आणि संशय असेल तर तुकडा तपासल्याचा कागद हातात मागून घ्यावा.