विजापूरचे गंज : पुरलेल्या नळांचा ताण हलका करणारे मनोरे

गोलघुमटाकडे डोळे लावून विजापुरात शिरणारा प्रवासी वाटेतल्या चौकोनी दगडी मनोऱ्यांकडे क्वचितच पाहतो. उंची साधारण २५ ते ४० फूट. त्यांना ‘गंज’ म्हणतात. लोखंडावर चढतो तो गंज नव्हे. त्यांचे खरे काम जमिनीखाली होते.

गोलघुमटात चिरविश्रांती घेणाऱ्या मुहम्मद आदिलशहाच्याच काळात, १६५१ मध्ये, शहराच्या दक्षिणेस बेगम तलाव झाला. तोरवीकडूनही पाणी येई. भाजक्या मातीचे नळ खोल पुरून, भोवती चुन्याचे बांधकाम करून, ते शहरभर वाटले जाई.

भाजकी माती वरचा भार झेलते. ताणली की मात्र तडकते. पाण्याची उंची १० मीटरने वाढली, की नळातला दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोने वाढतो आणि भिंत बाहेरच्या बाजूस ताणली जाते. फाटा काढायचा म्हणजे या भिंतीला भोक पाडायचे. भोकाच्या जागेने उचलायचा ताण मग त्याच्या काठावर येतो. एका दिशेने ताणलेल्या पत्र्यातील वाटोळ्या भोकाच्या काठावर तो तिप्पट होतो, हे जर्मन अभियंता किर्श याने १८९८ मध्ये गणिताने दाखविले. त्यात जमीन असमान खचली, तर मुख्य नळ एकीकडे आणि फाटा दुसरीकडे ओढला जातो.

आदिलशाही कारागिरांपाशी हे सूत्र नव्हते. फुटलेला नळ खोल मातीतून उकरून काढणे काय असते, हे मात्र त्यांना नक्कीच कळत असावे.

म्हणून नळ मनोऱ्यात वर चढे आणि पाणी मोकळ्या हवेला भेटे. तलावाच्या उंचीचा दाब तेथेच सरे. वस्त्यांकडे जाणाऱ्या फाट्यांवर मनोऱ्यातील पातळीपुरताच दाब उरे. गाळही तळाशी बसे. दाब नाहीसा होत नसे, पण त्याला मर्यादा पडे, आणि हीच या योजनेतली खरी हुशारी.

आजचा अभियंता पोलादी फाट्याच्या मुळाशी जाड पट्टी जोडून तेथील भिंत बळकट करतो. विजापूरकरांनी भिंतीऐवजी पाण्यालाच आवरले.

औरंगाबादच्या पाणचक्कीतही पुरलेल्या नळातले पाणी असेच उंच भिंतीवर चढते. तेथे मात्र ते खाली कोसळून जाते फिरवावे, एवढ्यासाठी.