जो गेला आणि जो राहिला

३ एप्रिल १९८४ रोजी राकेश शर्मा सोयूझ टी-११ मधून अंतराळात गेले, हे इथे सांगलीत कुणीही सांगेल. पण रवीश मल्होत्रा? तेही हवाईदलाचेच वैमानिक. मॉस्कोजवळच्या स्टार सिटीत दोघांनी सारखंच प्रशिक्षण घेतलं, रशियन भाषेसकट. गेले एकच, मल्होत्रा राखीव राहिले.

१९६१ साली शेजारी साताऱ्यात देशातली पहिली सैनिक शाळा निघाली, ती मुलांना एनडीएसाठी तयार करायला. शर्माही एनडीएचेच. या मुलांना मी विचारेन : यान सुटलं आणि तुम्ही खाली राहिलात, तर तयारी वाया गेली का? नुसत्या नावासाठी निघालेला इथे मोडतो. ‘नाही’ असं मनापासून म्हणता येईल, त्यानेच या वाटेला जावं.