पावतीवरची ओळ

आमचं घर मुलाण्याचं. सुगीत आजोबा खळ्याखळ्यावर जात आणि पाटीभर ज्वारी घेऊन येत. ती भीक नव्हती, बलुत्याचा हक्क होता. मशिदीतल्या दिव्याचं तेलही त्यातूनच येई. अब्बांनी जपलेल्या घरपट्टीच्या पावत्या चाळताना मला ती पाटी आठवते.

पेशवाईत सरकारचा वसूल वेगळा आणि गावखर्च वेगळा. देऊळ, पीर, आल्यागेल्याची सरबराई यांसाठी गावच पट्टी बसवी. त्यात पाटील हात मारून घेत, हेही खरं. मी त्या काळाचे गोडवे गात नाही. पण पैसा कशावर घालायचा, हे गावात ठरे. १८१८नंतर इंग्रजांनी गावखर्चाला कात्री लावली.

पुढं १८६०च्या दशकात लोकल फंड आला. शेतसाऱ्याच्या रुपयामागं एक आणा. त्यातले दोन हिस्से रस्त्यांना, एक शाळांना. आणा कुणब्याचा, किल्ली कलेक्टरकडं! जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढं मागणी केली, की या फंडाचा निम्मा तरी वाटा प्राथमिक शिक्षणाला द्या. त्याच वर्षी लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव झाला. त्यातून १८८४ साली जिल्ह्याला आणि तालुक्याला लोकल बोर्डं मिळाली, गाव मात्र बाहेरच राहिलं.

आजची ग्रामपंचायत १९५८च्या कायद्याची. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर हे तिचं स्वतःचं धन. त्याच कायद्याच्या १२५व्या कलमात एक वाट आहे. कारखान्यानं करांऐवजी ठोक रक्कम द्यावी आणि पंचायतीनं ती मान्य करावी. १९५८ साली खेड तालुक्यातल्या कुणाला ते कलम आपलं वाटलं असेल? चाकणला एमआयडीसी आली, आमच्या कुरुळीच्या आसपास माळावर शेड उभ्या राहिल्या, तेव्हा ते कळीचं झालं. मग २०१९ साली शासनानं एमआयडीसी हद्दीतली करवसुली महामंडळाकडं सोपवून ग्रामपंचायतीला निम्मा वाटा ठरवला. मला तेव्हा लोकल फंडातला आणा आठवला. ७३वी घटनादुरुस्ती १९९३ साली अमलात आली, पण किल्लीचं भांडण मिटलेलं नाही.

आणि मंडळी, दिल्लीहून येणारा पैसा? पंधराव्या वित्त आयोगानं लोकसंख्या धरली २०११च्या जनगणनेची. त्यानंतर या पट्ट्यात जो लोंढा आला, तो त्या हिशेबात नाहीच.

आमच्याच दोन खोल्यांत कारखान्यातली चार पोरं राहतात, कुणी लातूरचा, कुणी बिहारचा. त्यांचं मत गावाकडं, पण पाणी लागतं इथं, कचरा होतो इथं. परवा घरपट्टी भरून आलो, तर लातूरच्या पोरानं पावती हातात घेतली, दिवाबत्ती कराच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "चाचा, भाड्यातून हे आम्हीच भरतो की. मग ग्रामसभेला आम्ही बसलो तर चालतं का?"

मी म्हटलं, मतदार यादीत नाव आहे का तुझं इथल्या?

तो हसला आणि पाळीला निघून गेला.