मोरावळा, शिकरण आणि पेराद : घरगुती फळपाकांच्या नावांतील इतिहास

१

पाकविद्येचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास पहिली अडचण येते ती साधनांची. राजांच्या भोजनाची वर्णने उपलब्ध आहेत. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर (कारकीर्द ११२६ ते ११३८) याने ‘मानसोल्लास’ या ग्रंथात अन्नभोग व पानीयभोग अशी स्वतंत्र प्रकरणे घातली. सतराव्या शतकात रघुनाथ पंडिताने तंजावरच्या आश्रयाने ‘भोजनकुतूहल’ रचले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील परशुराम कृष्ण गोडे यांनी त्या ग्रंथाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधल्यापासून मराठी खाद्यपदार्थांच्या इतिहासात त्याचा आधार वारंवार घेतला जातो. परंतु एक ग्रंथ राजाच्या पंक्तीचा आहे, तर दुसरा पदार्थांच्या गुणदोषांचा. सामान्य घरातील गृहिणी उन्हाळ्याच्या अखेरीस बरणीत काय भरून ठेवीत असे, याची नोंद करण्याचे कारण राजाच्या लेखकास नव्हते आणि वैद्यासही नव्हते. गृहिणीने स्वतः ती केली नाही, कारण तिची विद्या सासूकडून सुनेकडे व आईकडून लेकीकडे हातानेच जात होती.

असे असले तरी या विद्येची काहीच नोंद उरली नाही, असे म्हणता येणार नाही. पदार्थाचे नाव ही एक नोंदच असते. घरात जे नाव रूढ होते ते कोणी ठरवून दिलेले नसते. ते कोठून आले, कसे पालटले आणि त्याच्या जोडीस कोणती नवी नावे घडली, हे पाहिल्यास कागदपत्रांनी न सांगितलेल्या काही गोष्टी उलगडतात. प्रस्तुत निबंधात फळांपासून घरी केल्या जाणाऱ्या गोड पदार्थांपैकी काही निवडक नावांचा या दृष्टीने विचार केला आहे.

२

फळे साखरेत किंवा मधात शिजवून टिकविण्याची कल्पना या देशात जुनी आहे. मात्र तिचे आरंभीचे उल्लेख आढळतात ते वैद्यकात. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वर्णिलेला च्यवनप्राश हा मूलतः आवळ्यांचा पाकच होय. पाचशे आवळे शिजवावेत, त्यांचा गर तेलातुपावर परतावा, खडीसाखरेसारख्या शर्करेत आटवावा आणि निवल्यावर मध घालावा, अशी त्याची कृती आहे. ज्याला सांप्रत कोहळेपाक म्हणतात त्याचे मूळही कूष्मांडाच्या अवलेहात सापडते. या पदार्थांची नावे संस्कृत आणि त्यांचा हेतू औषधी. घरात ते आले ते पथ्य म्हणून, आजाऱ्यासाठी किंवा बाळंतिणीसाठी. जिभेच्या हौसेसाठी पुढे.

तथापि घरचे स्वयंपाकघर वैद्यकाच्या आज्ञेत राहिले, असा निष्कर्ष यावरून काढू नये. शिकरण या अगदी साध्या पदार्थाचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. शिकरण हा शब्द संस्कृत ‘शिखरिणी’ या शब्दापासून आला. शिखरिणी म्हणजे दही, शर्करा व सुगंधी द्रव्ये यांचे मिश्रण. तिचे नाते रूपाने श्रीखंडाशी अधिक जवळचे. मराठी घरात मात्र नाव टिकले आणि पदार्थ पालटला. दह्याच्या जागी दूध आले आणि त्यात केळे कुस्करले गेले. विशेष असे की, चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दुधाशी विरुद्ध मानलेल्या फळांची जी यादी आहे, तीत आंबा, फणस, डाळिंब यांच्याबरोबर केळ्याचाही समावेश आहे. म्हणजे शास्त्राने निषिद्ध ठरविलेला संयोग शास्त्राच्याच भाषेतून आलेल्या नावाने घरोघर रूढ झाला. वैद्य ते खाऊ नये म्हणत राहिले आणि अचानक आलेल्या पाहुण्यासाठी शिकरणाइतके झटपट होणारे पक्वान्न दुसरे नसल्याने गृहिणी ते करीत राहिली. नावाचा वारसा व आचरणाचा वारसा हे वेगवेगळ्या मार्गांनी चालत असतात, ही गोष्ट येथे प्रथम ध्यानात घ्यावयास हवी.

३

फळपाकांच्या मराठी नावांत सर्वांत अधिक चर्चा होण्याजोगे नाव मुरांबा अथवा मोरांबा हे आहे. या शब्दाचे घरगुती स्पष्टीकरण सर्वपरिचित आहे : मुरलेला आंबा तो मुरांबा. लोणचे मुरते, तसा साखरेच्या पाकात आंबाही मुरतो. तेव्हा हे स्पष्टीकरण अर्थाला शोभून दिसते. परंतु शोभणारी व्युत्पत्ती खरीच असते असे नाही.

हाच पदार्थ हिंदी व उर्दूत मुरब्बा, गुजरातीत मुरब्बो आणि बंगालीत मोरोब्बा या नावाने ओळखला जातो. बंगालमध्ये हे नाव विशेषेकरून कोहळ्याच्या पाकवलेल्या फोडींना देतात. तेथे आंब्याचा संबंध येत नाही. हे शब्द मराठीतून त्या भाषांत गेले असे मानण्यास कोणतेही कारण नाही. या सर्वांचे मूळ अरबी ‘मुरब्बा’ हा शब्द असून तो फारसीच्या द्वारे हिंदुस्थानात आला. जोपासणे, वाढविणे असा मूळ धातूचा अर्थ असून त्यावरून पाकात राखून ठेवलेले फळ हा अर्थ सिद्ध झाला. दक्षिणेत बहमनी राज्यापासून फारसी ही दरबारची भाषा होती आणि दरबारी भाषेतील अनेक शब्द मराठीत त्याच वाटेने आले. शब्दांची ये-जा एकाच दिशेने झाली असेही नाही. संस्कृत ‘शर्करा’ फारसीत ‘शकर’, अरबीत ‘सुक्कर’ होऊन पश्चिमेकडे गेली. ज्या साखरेत मुरब्बा शिजे त्या साखरेचे नाव येथून तिकडे गेले होते आणि पाकवलेल्या फळाचे नाव तिकडून येथे आले.

मराठीत ‘मुरब्बा’मधील द्वित्त ‘ब’ जाऊन त्याच्या जागी अनुस्वार आला आणि ‘मुरंबा’, ‘मुरांबा’, ‘मोरांबा’ अशी रूपे झाली. येथपर्यंत हा केवळ उच्चाराचा पालट होय. मात्र या नव्या रूपाच्या शेवटी ‘आंबा’ ऐकू येऊ लागला आणि तेथून पुढे शब्दाचे चरित्रच बदलले. याचा पुरावा ‘मोरावळा’ या शब्दात आहे. आवळ्याच्या मुरांब्याला मराठीत मोरावळा म्हणतात. हा शब्द घडण्यासाठी बोलणाऱ्यांनी आधी ‘मोरांबा’ या शब्दाचे ‘मोर’ आणि ‘आंबा’ असे दोन तुकडे केले असले पाहिजेत. त्याखेरीज ‘आंबा’ काढून त्या जागी ‘आवळा’ बसविता येत नाही. अरबी शब्दाचे हे विभाजन कोणा पंडिताने केलेले नाही. आंबा व आवळा ही दोन्ही फळे एकाच रीतीने पाकात घालणाऱ्या घरांतच ते झाले असणार. साखरांबा व गुळांबा हे शब्दही याच पंक्तीत बसतात. त्यांतील आंबा मात्र खराखुरा आहे. पुढे या शब्दांचीही व्याप्ती वाढली आणि अननसाचा साखरांबा असे म्हणण्यात कोणास विसंगती वाटेनाशी झाली.

छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशाची येथे आठवण होते. फारसी व अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचा तो योजनापूर्वक प्रयत्न होता. दरबारच्या भाषेत असे पर्याय आज्ञेने आणता येतात. घरात मुरांबा हा शब्द टिकला, कारण तो परका आहे ही जाणीवच तेथे उरली नव्हती. त्याचे मराठीकरण कोशाच्या मार्गाने न होता, त्यात आंबा ऐकू आल्याने झाले होते.

४

तिसरा थर पोर्तुगिजांचा. १५१० मध्ये गोवा त्यांच्या ताब्यात गेल्यानंतर अमेरिका खंडातील अनेक फळे या किनाऱ्यावर आली आणि आपली नावे बरोबर घेऊन आली. अननस, पपई व काजू ही नावे पोर्तुगीज भाषेच्या द्वारे मराठीत आली असून त्यांची मुळे अमेरिकेतील आदिवासी भाषांत आहेत. पेरूची हकीकत थोडी निराळी आहे. पोर्तुगीज भाषेत ‘पेर’ म्हणजे नासपती. गोव्यातील पोर्तुगिजांनी हे नाव या नव्या फळाला दिले, ते कोकणीत ‘पेर’ राहिले आणि मराठीत ‘पेरू’ झाले.

या फळाचा गर साखरेत घट्ट आटवून त्याच्या वड्या पाडतात. त्यास गोव्यात पेराद म्हणतात. नाताळच्या फराळात, म्हणजे कुस्वारात, तिला मानाचे स्थान आहे. आंब्याच्या अशाच पाकाला मांगाद हे नाव आहे. या दोन्ही शब्दांतील शेवटचा ‘आद’ महत्त्वाचा. पोर्तुगालमध्ये ‘मार्मेलु’ नावाच्या आंबट-तुरट फळाचा घट्ट पाक करीत व त्यास मार्मेलाद म्हणत. ब्राझीलमध्ये पोर्तुगिजांना ते फळ सहजी मिळेना, तेव्हा तेथे पेरूचा पाक होऊ लागला. पेरूला तेथे ‘गोयाब’ म्हणत असल्याने पाकाचे नाव गोयाबाद झाले. गोव्यात त्याच फळाचा तोच पाक पेराद ठरला. कृती एक, फळ एक आणि नावे दोन. एका समुद्रसत्तेच्या दोन टोकांना असलेल्या स्वयंपाकघरांचे नाते या दोन शब्दांत उमटले आहे.

मार्मेलुच्या जागी पेरूच का आला, याचे उत्तर रसायनशास्त्र देते. फळाचा पाक घट्ट बसतो तो त्यातील पेक्टिन या द्रव्यामुळे, आणि तेही साखर व आम्ल यांचे प्रमाण जुळल्यास. मार्मेलु व पेरू ही दोन्ही फळे पेक्टिनने समृद्ध आहेत. आटवीत असता गर कढईच्या कडा सोडू लागला की तो उतरवावयाचा, ही गृहिणीची खूण म्हणजे याच क्रियेचे डोळ्यांनी घेतलेले माप होय. इंग्रजीत गेलेला ‘मार्मालेड’ हा शब्दही त्याच मार्मेलादचे रूप आहे. इंग्रजी अमदानीत तो मुंबईच्या दुकानांतील बाटल्यांवर येऊन पोचला, तेव्हा त्याची गोव्याकडील बहीण शेकडो वर्षे येथे नांदत होती.

गोव्यातील फळपाक पोर्तुगिजांनीच आणले, असे मात्र यावरून सिद्ध होत नाही. गार्सिया द ओर्त या पोर्तुगीज वैद्याने गोव्यात १५६३ मध्ये छापलेल्या संवादरूप ग्रंथात आंब्याची पुष्कळ माहिती दिली आहे. मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होते आणि तेथील आपल्या एका आंब्याला वर्षातून दोनदा फळ येते, असे तो सांगतो. आंबा साखरेत घालून, तसेच मीठ, तेल व शिरका यांत घालून टिकवितात, हेही त्याने नमूद केले आहे. विजेत्यांनी फळे आणि काही नावे आणली; फळ राखण्याची कला या किनाऱ्याला नवी नव्हती.

५

आतापर्यंत पाहिलेल्या सर्व नावांत कोठे तरी बाहेरची छाया आहे. काही नावे मात्र अशी आहेत की, ती कोणत्याही दरबारातून वा जहाजातून आलेली नाहीत. आंब्याचे साठ अथवा आंबापोळी, फणसपोळी आणि सांदण ही कोकणची नावे या वर्गात पडतात. पोळी हा घरचाच शब्द. रस पोळीसारखा पसरून वाळवावयाचा म्हणून आंबापोळी.

या पदार्थांमागील प्रेरणा भूगोलाची आहे. कोकणात आंबा व फणस एप्रिल-मे या दोन महिन्यांत एकदम पिकतात आणि जूनच्या पूर्वार्धात पाऊस उभा राहतो. हापुसासारखी कलमे विक्रीसाठी जात. घरात राहत तो बहुधा रायवळ आंबा. तो रसाळ, रेषाळ आणि टिकाऊपणात कमी. त्याचा रस तुपाचा हात फिरविलेल्या ताटांत ओतून कडक उन्हात थरावर थर वाळविला की साठ तयार होते. साखर मुळीच घातली नाही तरी चालते. पाणी निघून गेल्याने फळातील स्वतःची गोडीच त्याला राखते. फणसांतही अशीच वाटणी आहे. कापा फणस गरे खाण्यासाठी, तर बरका, म्हणजे बिलबिलीत गऱ्यांचा फणस, पोळीसाठी आणि तांदळाच्या रव्यात कालवून वाफवलेल्या सांदणांसाठी. बाजाराने ज्याला कमी लेखले त्या फळातून घराने आपले पक्वान्न उभे केले. साखर विकत घ्यावी लागते, ऊन विकत घ्यावे लागत नाही. म्हणून साखरांबा ज्या घरात बेताने होई, त्या घरातही साठे होत.

६

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही विद्या छापखान्यात आली. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ मध्ये प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ हे पुस्तक १९१० चे. या ३५ वर्षांच्या अंतरात लेखणी पुरुषाच्या हातून स्त्रीच्या हाती आली, ही घटना पाकविद्येच्या इतिहासात लहान नव्हे. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’पर्यंत (१९७०) येता येता पुस्तकातील कृती घराघरांत पोचली आणि साखरही मुबलक झाली. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास सुरू झाल्यानंतर महाराष्ट्रात अशा कारखान्यांची मालिकाच उभी राहिली. गुळांबा मागे पडून साखरांबा पुढे येण्यास ही परिस्थिती अनुकूल होती.

छपाईने कृती राखली, तसे तिने काही गाळलेही. एकतारी व दोनतारी पाक या खुणा पुस्तकात उतरल्या. पण मुरांब्यात कैरीच्या फोडी घालावयाच्या की कीस, गूळ घातला तर त्याला मुरांबा म्हणावयाचे की नाही, यांविषयी घराघरांत जे भेद होते, त्यांतील एकच प्रकार छापील पानावर प्रमाण ठरला. उरलेले भेद करणाऱ्यांच्या हाताबरोबर नाहीसे होत आहेत.

७

वरील विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. आपले सर्व फळपाक प्राचीन व स्वयंभू आहेत हे मत मुरांबा आणि पेराद या नावांपुढे टिकत नाही. ते सर्व बाहेरून आले, हे मतही साठ व सांदण यांपुढे टिकत नाही. संस्कृतातून आलेले नाव दुसऱ्या पदार्थाला देणे, अरबी शब्दात आंबा ऐकणे आणि त्यातून आवळ्यासाठी नवा शब्द घडविणे ही कामे राजाने, वैद्याने किंवा कोशकाराने केलेली नाहीत. ज्यांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत अशा स्त्रियांनी, चुलीजवळच्या रोजच्या बोलण्यात ती केली. इतिहासाला त्यांची अन्य साक्ष फारशी मिळणार नाही. म्हणून जिल्ह्याजिल्ह्यांतून या पदार्थांची स्थानिक नावे, त्यांचे पोटभेद आणि पाकाच्या खुणा वृद्ध स्त्रियांच्या तोंडून टिपून घेण्याचे काम भाषा व इतिहास या दोन्ही विषयांच्या विद्यार्थ्यांनी हाती घेणे अगत्याचे आहे. जुने दफ्तर वाळवीच्या तोंडातून वाचविण्याइतकीच निकड या कामालाही आहे.