मंगळावर अडकलेलं लॉक

पाथफाइंडर म्हटलं की लोकांना एअरबॅगांवर उसळत उतरलेलं यान आणि सोजर्नर ही छोटी गाडी आठवते. मी ऑपरेटिंग सिस्टिम शिकवते. मला त्याच्या संगणकातलं एक लॉक आठवतं.

यान ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलं. हवामानाची मोजमापं सुरू झाल्यावर काही दिवसांतच संगणक मधूनच रीसेट होऊ लागला. जमलेली माहिती शाबूत राहायची, पण त्या दिवसाची उरलेली कामं दुसऱ्या दिवसावर जायची.

यानावर व्हीएक्सवर्क्स ही ऑपरेटिंग सिस्टिम होती. तिचा शेड्युलर तयार असलेल्या कामांतून वरच्या प्रायॉरिटीचं काम आधी चालवतो. हवामानाचं काम खालच्या प्रायॉरिटीचं, माहितीवाटपाचं वरच्या; दोघांना लॉक, म्हणजे एका वेळी एकाच कामाला धरता येणारी किल्ली, मात्र एकच लागायचं. हवामानाच्या कामाने लॉक घेतलं आणि तेवढ्यात मधल्या प्रायॉरिटीची कामं आली, की शेड्युलर त्यांना पुढे काढायचा. खालचं काम थांबलं म्हणून लॉक सुटत नसे आणि लॉक सुटत नाही म्हणून वरचं काम खोळंबे. १२५ मिलिसेकंदांच्या फेरीत वाटप पुरं झालं नाही हे देखरेखीच्या कामाला दिसलं, की रीसेट. शेड्युलरने एकही नियम मोडला नव्हता. विद्यार्थ्यांनी इथे थांबून विचार करावा, असं मला मनापासून वाटतं.

हा पेच लॅम्पसन आणि रेडेल यांनी १९८० मध्येच मांडला होता. उपायाचा सखोल अभ्यास शा, राजकुमार आणि लेहोत्स्की यांनी १९९० मध्ये छापला: लॉक धरून बसलेल्या कामाला, अडलेल्या कामाची प्रायॉरिटी तेवढ्यापुरती द्यायची. व्हीएक्सवर्क्समध्ये ही सोय होती. पण हे लॉक यानाच्या प्रोग्रॅमरांनी स्वतः लिहिलेलं नव्हतं. ते सिस्टिमच्याच एका फंक्शनच्या पोटात होतं आणि तिथे सोय बंद होती.

उड्डाणापूर्वीच्या चाचण्यांतही असे रीसेट दिसले होते, पण ते हुकमी पुन्हा घडवता येईनात, म्हणून मागे पडले. मंगळावर माहिती अपेक्षेपेक्षा वेगाने पाठवता आली, कामं वाढली आणि एरवी क्वचित होणारी गाठ वारंवार पडू लागली.

यानाचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या ग्लेन रीव्ह्ज यांच्या चमूचं मोठेपण मला पुढच्या टप्प्यात दिसतं. कामांची नोंद ठेवणारा कोड त्यांनी उड्डाणापूर्वी काढून टाकला नव्हता. त्याच्याच मदतीने पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रणेत त्यांनी तोच रीसेट घडवून पाहिला. बंद सोय सुरू करणं हा बदल अगदी लहान, पण तो त्या फंक्शनच्या सगळ्याच लॉकना लागू होणार होता. इतर कामांवर काय परिणाम होईल हे त्यांनी आधी तपासलं, मगच तो मंगळाकडे पाठवला.