न झिजलेली तबकडी

केम हे गाव ज्यांना ठाऊक आहे त्यांना ते बहुधा कुंकवामुळे ठाऊक असते. करमाळा तालुक्यातले हे गाव, दौंड-सोलापूर लोहमार्गावरचे. इथे हळदीपासून कुंकू तयार होते आणि पोत्यांनी, डब्यांनी बाहेरगावी जाते. कुंकवाचा व्यापारी म्हणजे चार यात्रा हिंडणारा माणूस. आणि हिंडणारा माणूस घरी परतताना काहीतरी घेऊन येतोच. आमच्या आजोबांनी एका खेपेला चावीचा फोनो आणला होता.

फोनो कधीच मोडीत गेला. तबकड्यांची लाकडी पेटी मात्र माळ्यावर राहिली होती. मध्यंतरी घराचे पत्रे बदलायचे म्हणून माळा रिकामा केला, तेव्हा ती खाली आली. वर बोटभर धूळ, आणि तीही तांबूस, कारण आमच्याकडची धूळ तशीच असते. आत तीस-बत्तीस तबकड्या निघाल्या. नाट्यपदे, कीर्तनातली आख्याने, लावण्या, एकदोन विनोदी संवाद. बहुतेक तबकड्यांचा काळा रंग उडून त्या राखेसारख्या करड्या झालेल्या. काहींच्या खाचा इतक्या झिजलेल्या, की गाण्यापेक्षा खरखरच जास्त. त्यांत एक तबकडी मात्र काळीभोर, आरशासारखी चकचकीत. कागदी वेष्टनही शाबूत. चिठ्ठीवर नाव होते केसरबाई केरकर आणि राग मालकंस.

ती तबकडी नवी का राहिली, हे कोणी सांगायला नको. ती कोणी लावलीच नव्हती!

आता शिक्षकमंडळींना वर्गात सांगता येईल असा थोडा तपशील देतो. जुनी तबकडी ही प्लास्टिकची नसे. ती लाखेची असे. पळस, कुसुम, बोर या झाडांवर लाखेचे किडे जी राळ सोडतात तीच ही लाख. छोटा नागपूरच्या जंगलातून ती साऱ्या जगाला जाई. तिच्यात दगडाची बारीक भुकटी आणि काजळी मिसळून तबकडी दाबून काढीत. मिनिटाला ७८ फेरे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन, फार तर सव्वातीन मिनिटांचे गाणे. वर टेकते ती पोलादी सुई, आणि साउंडबॉक्सचे सगळे वजन तिच्या टोकावर. दर बाजूला नवी सुई घालावी असा दंडक होता, पण खेड्यात सुया कोण मोजतो? एकाच सुईवर अख्खी रात्र निघायची. म्हणजे जी तबकडी लोकांना आवडली ती लोकांनीच घासून संपवली, आणि जिच्याकडे कोणी बघितले नाही ती धडधाकट राहिली.

आमच्या गावाने केसरबाईंना बाजूला ठेवले, यात गावाला दोष देण्यासारखे काही नाही. ज्याला शब्द हवेत, कथा हवी, ढोलकीची थाप हवी, त्याला मालकंसाची तीन मिनिटे कशी पुरणार? पण गंमत पुढेच आहे. शहरातल्या जाणकारांनीही या तबकड्यांना मोठासा मान दिला नव्हता, आणि त्यांचे कारण नेमके उलटे होते. ज्यांनी बाईंची मैफल ऐकली होती ते म्हणत, तबकडीत बाई नाहीतच. घागरीत समुद्र कसा मावेल?

त्यांचे म्हणणे समजून घ्यायचे तर बाईंचे गाणे कसे घडले ते पाहिले पाहिजे. केसरबाईंचा जन्म १३ जुलै १८९२ चा, गोव्यात फोंडा तालुक्यातल्या केरी या गावचा. लहानपणी देवळातले भजन कानावर. आठव्या वर्षी कोल्हापूरला अब्दुल करीम खाँसाहेबांकडे काही महिने शिक्षण, मग गोव्यात परतल्यावर रामकृष्णबुवा वझे यांच्याकडे, पुढे मुंबईत बरकतुल्ला खाँ आणि भास्करबुवा बखले. एवढे गुरू नुसते ऐकले की वाटते, केवढे भाग्य! खरे तर ही फरफट होती. कुठे गुरू गाव सोडून जाई, कुठे तालीम अर्ध्यावर थांबे. अखेर १९२१ साली, वयाच्या २९ व्या वर्षी, अल्लादिया खाँसाहेबांनी त्यांना शिष्या म्हणून पत्करले. लोक ज्या वयात नाव काढतात त्या वयात बाई पुन्हा पहिल्या इयत्तेत बसल्या, म्हणाना. अकरा वर्षे कसून तालीम झाली, आणि १९४६ साली खाँसाहेब वारले तोवर शिकणे या ना त्या रूपाने चालूच होते.

अल्लादिया खाँसाहेबांची जयपूर-अत्रौली गायकी ही सोपी वाट नव्हे. तरुणपणी अति गाण्याने त्यांचा आवाज बसला; पुढे जो परत आला तो पहिल्यासारखा राहिला नाही, तेव्हा त्या आवाजाला पेलेल अशी नवी चाल त्यांनी बांधली. तीत स्वर सुटा उभा राहत नाही, एकातून दुसरा निघतो. वेलीला जसा पेऱ्यापेऱ्याला फुटवा यावा तसा. ताना सरळ चढून सरळ उतरत नाहीत, वळणे घेत समेवर येतात. राग निवडायचे तेही जोडराग, कमी ऐकू येणारे. हे सारे केसरबाई भरदार, मोकळ्या आकारात गात, आणि वरच्या सप्तकात गेल्या तरी आवाज बारीक होत नसे. अशा गाण्याला तास लागतो. आणि यंत्र म्हणते, बाई, तुम्हाला तीन मिनिटे!

तरी १९३० नंतरच्या काळात बाईंनी हिज मास्टर्स व्हॉइस आणि ब्रॉडकास्ट या कंपन्यांसाठी काही तबकड्या गायल्या. नट कामोद, ललितागौरी, कुकुभ बिलावल, मालकंस, शिवाय भैरवी. पुढे मानसन्मान आले. १९४८ साली कलकत्त्यात ‘सुरश्री’ ही पदवी, १९५३ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६९ साली पद्मभूषण, आणि महाराष्ट्र शासनाने दिलेला राज्यगायिकेचा मान. हे सारे मैफलीतल्या केसरबाईंना मिळाले. तबकड्या आपल्या पेट्यांत पडून.

मग साठीच्या दशकात बाईंनी जाहीर गाणे थांबवले. मैफल ऐकलेली पिढी हळूहळू कमी होऊ लागली, आणि कोणालातरी हिशेब करावासा वाटला, की आपल्या हाती उरले काय? तो हिशेब फार बोचरा आहे. भास्करबुवा बखल्यांसारख्या गवयाचा, बालगंधर्वांच्या गुरूचा, आवाज तबकडीवर नाही. १९२२ साली बुवा गेले आणि आवाजही गेला. अल्लादिया खाँसाहेब तर १९४६ पर्यंत होते. यंत्र होते, कंपन्या होत्या, मुंबई होती. तरी त्यांचीही तबकडी नाही. त्यांची गायकी कशी होती हे आज कानांनी ऐकायचे तर शिष्यांच्या दारी जावे लागते, आणि त्या दारातले मोठे दार म्हणजे केसरबाईंची ही तीन-तीन मिनिटे. ज्यांना चतकोर म्हणून हिणवले, तीच शिल्लक भाकरी ठरली.

मात्र या तबकड्यांकडे जगाचे लक्ष वळायला निमित्त झाले ते संगीताच्या बाहेरचे, आकाशातले.

१९७७ साली अमेरिकेने दूरच्या ग्रहांकडे दोन याने सोडली. व्हॉयेजर दोन हे २० ऑगस्टला निघाले, व्हॉयेजर एक ५ सप्टेंबरला. क्रमांक उलटा वाटेल, पण तसेच आहे. ही याने पुढे सूर्यमालेबाहेर जाणार हे ठाऊक असल्याने, वाटेत कोणी भेटलेच तर पृथ्वीची ओळख म्हणून दोन्हींवर एकेक तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी बसवली. बरोबर सुई दिली आणि तबकडी वाजवायची कशी त्याची आकृतीही कोरली. तबकडीवर ५५ भाषांतले नमस्कार आहेत, त्यांत आपली मराठीही आहे. आणि साऱ्या जगातून निवडलेले २७ संगीताचे तुकडे, सुमारे ९० मिनिटांचे. बाख, बेथोव्हेन, अमेरिकेचा चक बेरी. भारताचा तुकडा एकच, केसरबाईंची भैरवी, ‘जात कहाँ हो’. साडेतीन मिनिटे.

ही निवड सुचवली रॉबर्ट ब्राउन या अमेरिकन संगीत-अभ्यासकाने. निवड झाली खरी, पण तबकडी कुठे मिळेना! कार्ल सेगन यांच्या मंडळातल्या अ‍ॅन ड्रूयन यांनी तो शोध लिहून ठेवला आहे. न्यू यॉर्क शहरात एका भारतीय कुटुंबाचे विजेच्या उपकरणांचे दुकान होते. तिथे एका टेबलाखाली धुळीने माखलेले खोके निघाले आणि त्यात या ध्वनिमुद्रिकेच्या तीन प्रती. तिन्ही न उघडलेल्या.

हे वाचले तेव्हा मला आमचा माळा आठवला. केम काय आणि न्यू यॉर्क काय, बाईंच्या वाट्याला धूळ सारखीच.

यान निघाले, आणि १६ सप्टेंबर १९७७ रोजी, म्हणजे व्हॉयेजर एक निघाल्यापासून अकराव्या दिवशी, केसरबाई वारल्या. ते यान २०१२ साली सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडले, दुसरे २०१८ साली. सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर या वेगाने पहिले अजून चालले आहे. मागे बोलावायचे म्हटले तरी बोलावता येणार नाही.

या बातमीनंतर लोक केसरबाईंच्या तबकड्या शोधू लागले. माझे स्वतःचे मत विचाराल तर हे थोडे उलटेच झाले. गाणे चांगले म्हणून आकाशात गेले, पण आकाशात गेले म्हणून चांगले ठरले! आजही पुष्कळांना ती एक भैरवी तेवढी माहीत असते, आणि भैरवी तर मैफल संपताना गातात. ललितागौरी कोणी विचारीत नाही. पण निमित्ताला नावे ठेवू नयेत. मुंबईत १९९० साली ध्वनिमुद्रिका जमवणाऱ्यांची एक संस्था निघाली, सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स. डॉ. सुरेश चांदवणकर आदी मंडळींनी जुन्या बाजारातून, मोडलेल्या वाड्यांतून तबकड्या गोळा केल्या, त्यांच्या याद्या छापल्या, श्रोते जमवून त्या ऐकवल्या. २००७ साली नमिता देवीदयाल यांचे ‘द म्युझिक रूम’ हे पुस्तक आले. केसरबाईंच्या शिष्या धोंडूताई कुलकर्णी यांच्याकडे शिकताना काय ऐकले, काय पाहिले, ते त्यात आहे. आता तर हे सगळे मोबाइलवर ऐकता येते.

पुन्हा ऐकणारे आता एक वेगळीच गोष्ट सांगतात आणि ती मला पटते. बाईंनी तीन मिनिटांत तासाचे गाणे कोंबलेले नाही. आलापाला जागा नाही म्हणून त्या घाईला आल्या आहेत, असेही नाही. पहिल्या आवर्तनातच राग पुरा उभा, मग चार वळणे, प्रत्येक निराळे, सम अशी पकडायची की तबलजीनेही मान हलवावी, आणि सुई शेवटच्या खाचेत जाण्याआधी गाणे आपले आपण संपलेले. जागा किती आहे हे ठाऊक असलेली बाई घर मांडते तसे हे आहे. मैफलवाल्यांना घागरीत समुद्र सापडला नाही, कारण ते घागर बघतच नव्हते.

केरी गावी बाईंच्या नावाची माध्यमिक शाळा आहे, आणि गोव्यात दरवर्षी त्यांच्या नावाने संगीत समारोहही होतो. आमच्याकडे तसे काही नाही. पण पुण्याच्या एका संग्राहकाने चालू स्थितीतला फोनो दोन दिवसांसाठी दिला, तेव्हा ती काळी तबकडी मी शाळेत नेली. सातवीची मुले होती. आधी एक झिजलेली लावणी लावली. मुले खरखरीला हसली. मग नवी सुई घालून मालकंस लावला. पहिल्या स्वरालाच दोघीतिघी पुढे सरकल्या. तीन मिनिटे कोणी काही बोलले नाही. पुरे ऐकले म्हणावे तर मागच्या बाकावर चुळबुळ होतीच. संपल्यावर एका मुलाने विचारले, “गुरुजी, एवढंच?”

दुसरी बाजू लावायची होती. चावी भरायला घेतली आणि घंटा झाली.