यंत्रमानव आणि उत्पादकता : अमेरिकी मोटारधंद्यातील एक अध्याय

यंत्रमानव कामावर आले म्हणजे कारखान्याची उत्पादकता आपोआप वाढते, असा समज रूढ आहे. अमेरिकेतील जनरल मोटर्स या कंपनीच्या इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे.

१९६१ साली कंपनीच्या न्यू जर्सीतील कारखान्यात ‘युनिमेट’ हा पहिला औद्योगिक यंत्रमानव कामास लागला. साच्यातून निघणारे तप्त धातूचे भाग उचलणे हे त्याचे काम. ते माणसास धोक्याचे असल्याने यंत्राची उपयुक्तता तेथे सहज पटण्याजोगी होती.

ओहायोतील लॉर्ड्सटाउन येथे निराळेच घडले. १९७० च्या सुमारास तेथे वेल्डिंगसाठी यंत्रमानव बसविण्यात आले आणि तासाला सुमारे ६० ऐवजी १०० मोटारी काढण्याचे ठरले. तथापि उरलेली बहुतेक जोडणी माणसांच्याच हाती होती. प्रत्येक मोटारीवरील आपले काम उरकण्यास कामगाराला जेमतेम ३६ सेकंद मिळू लागले. यंत्राच्या वेगाचा भार अशा रीतीने माणसावर पडला. असंतोष वाढत गेला आणि मार्च १९७२ मध्ये कामगारांनी सुमारे तीन आठवडे संप केला.

याउलट उदाहरण कॅलिफोर्नियातील फ्रीमाँटचे. गैरहजेरी व तंटे यांसाठी कुप्रसिद्ध असलेला तेथील कारखाना कंपनीने १९८२ साली बंद केला. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तो पुन्हा सुरू झाला. कामगार बहुतांशी जुनेच होते, संघटनाही तीच होती. बदलली होती ती कामाची व्यवस्था. कामगारांचे लहान गट करण्यात आले. दोष दिसताच काम थांबविण्याचा अधिकार प्रत्येकास मिळाला आणि नोकरीची हमी करारात नमूद झाली. मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी केलेल्या तुलनेत एक मोटार जोडण्यास येथे १९ तास लागत, तर कंपनीच्या फ्रेमिंगहॅम येथील कारखान्यात ३१. विशेष म्हणजे याच दशकात कंपनी अन्यत्र स्वयंचलनावर अफाट भांडवल ओतीत होती.

फ्रीमाँटचा हा भागीदारीतील कारखानाही २०१० साली बंद झाला. उत्तम कार्यव्यवस्था बाजारातील उलथापालथीपासून संरक्षण देऊ शकत नाही, ही मर्यादा मान्य केलीच पाहिजे.

आज कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी तोच प्रश्न नव्याने उभा आहे. यंत्र किती काम करते, एवढेच पाहून त्याचे उत्तर मिळणार नाही. यंत्रामुळे वाचलेला वेळ कोणाच्या पदरी पडतो आणि कामाची गती कोण ठरवितो, हेही तपासावे लागेल. लॉर्ड्सटाउन आणि फ्रीमाँट यांतील खरा भेद तोच होता.